धरलेला पाय

"सांग ना दादा, तू माझा पाय का धरलास?"

सुजितने तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा बनूबाई दोन्ही मुलांना भाकरी वाढत होती... आणि महेशच्या हातातला घास तोंडाशीच थबकला. काय सांगणार होता तो? हेच तर तो कित्येक महिने स्वतःला विचारत होता!

दोघे भाऊ ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळायचे. शिवमंदिराजवळून तो लांबट, अंड्यासारखा बॉल घेऊन निघाले की लोक हसायचे. या खेळात उंच आलेला बॉल हवेतच झेलायचा असतो, आणि त्यासाठी पुढच्या खेळाडूच्या पाठीखांद्यावर चढायलाही मुभा असते. सुजितसारखी झेप अख्ख्या अंबरनाथमध्ये कुणाची नव्हती! मेलबर्नला जाणाऱ्या संघाच्या निवडीसाठी दोघे विरुद्ध बाजूंनी खेळत होते. बॉल वर गेला, सुजितने मागून येऊन महेशच्या खांद्यावर पाय रोवला, झेप घेतली... आणि महेशच्या हाताने त्याचा घोटा घट्ट पकडला. शरीर वळलं, पाऊल वळलं नाही. सगळा पीळ मधल्या गुडघ्याने सोसला. लिगामेंट तुटलं, गुडघ्यातली गादी फाटली. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, चालेल, जिने चढेल. पण तशी उडी... नाही.

"बोल ना! माझा नंबर लागेल म्हणून फाटली ना तुझी?" सुजितचा आवाज चिरकला. "आणि मला पाडूनसुद्धा तुझा नाहीच लागला!"

"सुज्या, जेव आधी," बनूबाई रडकुंडीला आली. "मोठा भाऊ आहे तुझा."

"म्हणूनच विचारतोय, आई!"

महेशने हातातला घास ताटात परत ठेवला. त्याचा नंबर लागला होता. फोन आला तेव्हा तो कंपनीच्या गेटबाहेर उभा होता. "सर, मला नाही जमणार," एवढंच बोलून त्याने फोन ठेवला आणि घरी येऊन यादीत आपलं नाव नसल्याचं सांगितलं. ज्या हाताने धाकट्याचं आयुष्य मोडलं, त्याच हाताने बॅग भरायची?... आणि खरंच, मनाच्या तळाशी कुठे मत्सर दडलेला होता का? नसेल, तर तो हात गेला कसा? रात्रंदिवस तो आपल्याच अंतःकरणाची झडती घेत होता, आणि उत्तर काही सापडत नव्हतं!

त्या रविवारी दुपारी बनूबाई माळ्यावरचा पापडांचा डबा काढायला स्टुलावर चढली. महेश दारात शेजाऱ्याशी बोलत होता. स्टूल डुगडुगल्याचा आवाज आला, तसा बोलणं न थांबवता, तिच्याकडे नीट न बघताच तो मागे सरला आणि त्याने आईचे दोन्ही घोटे घट्ट धरले.

"मेल्या, सोड की! उतरू कशी मी?" बनूबाई लटक्या रागाने ओरडली. "कुणी वर चढलं की झाला याचा गोविंदा सुरू! पाचवीपासून हंडीला खालच्या थरात उभा राहतोय, वरच्याचा पाय धरल्याशिवाय चैनच नाही याला!"

खाटेवर गुडघ्याला बर्फ लावून बसलेल्या सुजितने एकाएकी बर्फ बाजूला ठेवला.

"दादा... थरात वरच्याचे पाय का धरतात रे?"

"पडू नये म्हणून," महेश सहज बोलून गेला... आणि पुढच्याच क्षणी त्याचा चेहरा पांढराफटक पडला. आपल्या हातांकडे तो परक्यासारखा पाहत राहिला.

सुजित लंगडत, भिंत धरत त्याच्यापर्यंत आला.

"तू मला सावरत होतास... दादा, तू मला सावरत होतास रे!"

"मला नव्हतं माहीत, सुज्या... आईशप्पथ, माझं मलाच नव्हतं माहीत!"

दोघे भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडून लहान मुलांसारखे हुंदके देऊ लागले, आणि डबा कवटाळून स्टुलावरच उभ्या राहिलेल्या आईला पदराने डोळे पुसायचंही सुचेना. पण इतक्या आसवांनीही तो गुडघा सांधला जाणार नव्हता... हे तिघांनाही ठाऊक होतं.

"पुढच्या निवडीला तू उतरायचंस," सुजित नाक पुसत म्हणाला. "उडी मी शिकवतो तुला. या वेळी नाही लागला, पण पुढच्या वेळी लागेल तुझा नंबर."

ओठांवर आलेलं सत्य महेशने गिळलं.

"तू शिकवलंस तर लागेल," तो म्हणाला.