बंद खात्यांची रांग

खुर्ची जवळ ओढून घ्या. चार्ज घ्यायला आलात, तर किल्ल्या, शिक्के, पासवर्ड सगळं देते. पण त्याआधी एक गोष्ट ऐकून घ्या. हसायचं असेल तर हसा, मला चालेल. एरवी मीही हसलेच असते.

दीड वर्ष झालं त्याला. आपल्या लायब्ररीत नवं सॉफ्टवेअर आलं तेव्हा आम्हा सगळ्यांना कोडिंगच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. माझं वय छप्पन्न, चष्म्याचा नंबर दर वर्षी वाढता, आणि वर्गात बाकी सगळी माझ्या भाच्यांच्या वयाची. पण मी हट्टाला पेटले आणि शिकले. परत आले ती इतक्या मिजाशीत, की शिपाईसुद्धा मला ‘इंजिनीअरबाई’ म्हणायला लागला. त्याच सुमारास वरून पत्र आलं, की ज्या सभासदांनी दहा वर्षांत एकही पुस्तक नेलेलं नाही, त्यांची खाती बंद करा.

एकेक खातं उघडून बंद करायचं तर महिना गेला असता. मी अठरा ओळींचा प्रोग्राम लिहिला. तो सगळी खाती तपासणार आणि जुनी झाडून सगळी एकदम बंद करणार. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी दुपारी एकटीनं येऊन तो चालवायचं ठरवलं, म्हणजे कुणाचा खोळंबा नको.

दार आतून लावून घेतलं. बाहेर आभाळ भरून आलं होतं. फक्त काउंटरवरचा दिवा लावला, आतल्या कपाटांच्या रांगा अंधारातच राहिल्या. तीन वाजून दहा मिनिटांनी बटण दाबलं. चारशे बारा खाती बंद. खरं तर यादी आधी वाचायची असते. दुसऱ्या कुणी न वाचता चालवलं असतं तर मी त्याची खरडपट्टी काढली असती. मी स्वतः वाचली नाही.

आधी वास आला. वर्षानुवर्षं न उघडलेल्या ट्रंकेतल्या कपड्यांना येतो, तसा. मग ‘टक्’ असा आवाज झाला. काउंटरवर कुणीतरी कार्ड ठेवलं होतं. जुनं, पुठ्ठ्याचं. तसली कार्डं आपण कधीच बंद केलीत. मान वर केली तर समोर ड्रॉइंग मास्तर.

“बाई, माझं खातं बंद झालं म्हणे?”

“हो,” मी म्हणाले. सवयीनंच म्हणाले. मास्तर वारले त्याला बारा वर्षं झाली आणि फळ्यावर श्रद्धांजली मीच लिहिली होती, हे आठवायला एक क्षण लागला.

मास्तर रागावले नाहीत. कार्ड तिथेच ठेवून ते काउंटरला वळसा घालून आतल्या अंधारात शिरले. चार-पाच कपाटांपर्यंत पावलं ऐकू आली... मग नाहीच. त्यांच्या मागे शिवणक्लासवाल्या बाई. टक्. त्याही आत गेल्या. रांग पार दारापर्यंत होती आणि दाराची कडी तशीच लागलेली होती. कुणी घाई करत नव्हतं, कुणी खोकतसुद्धा नव्हतं.

रांगेत सहावी माझी आई होती.

माझी आई जिवंत होती हो! अंथरुणाला खिळलेली, पण जिवंत, घरी वरच्या मजल्यावर, वहिनीच्या देखरेखीखाली. आणि इथे ती घरातल्या गाऊनवर, अनवाणी, हातात पुठ्ठ्याचं कार्ड घेऊन उभी. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आईला पुस्तकं मीच नेत होते, आठवड्याला दोन, पण माझ्या कार्डावर. कर्मचाऱ्यांच्या कार्डाला परतीची तारीख नसते ना, आपण सगळेच घरच्यांची पुस्तकं तशी नेतो. तुम्हीही नेत असाल. आईच्या स्वतःच्या कार्डावर बारा वर्षांत एक पुस्तक नव्हतं. माझ्या प्रोग्रामच्या लेखी ती मेलेल्यांतच जमा होती.

घरी फोन लावला.

“वहिनी, आई काय करतेय?”

“आत्ताच डोळा लागलाय त्यांचा.” मग आवाज बदलला, “ताई... हात फार गार लागतायत हो. मी हाक मारतेय, पण...”

“हाक मारत राहा! फोन ठेवू नकोस.”

टक्... टक्. आईच्या पुढे एकच माणूस उरला.

मी आईचं नाव टाकून खातं शोधलं. बंद खातं शोधात येत नाही, मीच तसं लिहिलं होतं. एकालाच परत आणायची सोयच ठेवली नव्हती. ‘सगळं पूर्ववत करा’ एवढं एक बटण होतं. परत येतील तर चारशे बारा, नाहीतर एकही नाही. तेवढ्यात आई काउंटरशी आली. माझ्याकडे बघून हसली आणि तिनं कार्ड पुढे केलं. मी तिचं मनगट घट्ट धरलं आणि दुसऱ्या हातानं बटण दाबलं. खरं सांगते, बाकीच्यांचा विचारही माझ्या मनात आला नाही. आला असता तरी दाबलंच असतं.

समोर कुणीच नव्हतं. फोनमध्ये वहिनी रडत होती. “उठल्या, ताई! पाणी मागतायत.”

घरी गेले आणि आईच्या गळ्यात पडून पोटभर रडले. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “अगं, हेही होते की माझ्या मागे. म्हणाले, तू हो पुढे, मी पुस्तक घेऊन येतो.”

‘हे’ म्हणजे माझे बाबा. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्यांचं खातंही त्या चारशे बारांत होतं.

दुसऱ्या दिवशी पाहिलं. बाबांच्या खात्यावर एक पुस्तक गेलेलं, एक जाडजूड प्रवासवर्णन. कपाटात त्याची जागा रिकामी. खातं बंद करावं तर सॉफ्टवेअर म्हणतं, पुस्तक येणं बाकी आहे. दर पंधरा दिवसांनी त्याची मुदत वाढते. कोण वाढवतं, मला माहीत नाही. घरी दुपारच्या वेळी आईच्या खोलीतून पान उलटल्याचा आवाज येतो. बघावं तर तिच्या हातात काही नसतं. वहिनी आता त्या खोलीत एकटी जात नाही. पण आई मजेत होती, जेवत होती, हसत होती, आणि मला तेवढं पुरे होतं.

आज मुदत वाढली नाही. पुस्तकावर दुसऱ्या सभासदानं नंबर लावला असेल तर मुदत वाढत नाही, संपेल त्याच दिवशी ते परत करावं लागतं, तुम्हाला माहीत आहेच. नंबर कुणी लावला, ते सकाळी उघडून पाहिलं. आईनं. तिनं आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावलेला नाही. मी लगेच फोन करून विचारलं.

“मीच लावलाय,” ती शांतपणे म्हणाली. “किती दिवस त्यांच्या खांद्यावरून वाचायचं? आज परत करायला जाऊ म्हणालेत. मीही जाते बरोबर.”

दोन वर्षं ती पलंगावरून खाली उतरलेली नाही. वहिनीला तिच्या उशाशी बसवलंय, आणि मी सकाळपासून इथे आहे, जेवायलाही उठले नाही. पुस्तक जमा करून घ्यायचं नाही, बस. तुम्हालाही एवढंच सांगायचं होतं. आज कुणीही ते पुस्तक आणून दिलं, कितीही ओळखीचं माणूस असलं, तरी घेऊ नका.

थांबा, फोन वाजतोय. घरचाच आहे.

“बोल, वहिनी... आई? आई, तू उठू नकोस. ऐकतेयस ना? वहिनीला दे फोन... आई?”

बोलत नाहीये. पण फोन चालू आहे. जरा इकडे या, तुम्ही ऐका. माझा माझ्या कानांवर भरवसा उरलेला नाही. कुणीतरी जिना उतरतंय ना? आणि चपला... दोघांच्या आहेत ना?