सिद्धप्पाचं भाषण आणि गुलाबी सूत

"थांब, थांब! कुणी मागं लागलंय का तुझ्या?" रुद्राणी ओरडली.

सिद्धप्पाचं भाषण तिथेच अडलं. दिवाळीची सुट्टी, शाळेचा रिकामा व्हरांडा, आणि तासाभरात म्युनिसिपालटीचे साहेब पेठेतली विहीर तपासायला येणार! त्यांनी पाणी चांगलं म्हणून सही केली, की सारी पेठ तेच पीत राहणार. सिद्धप्पाची धाकटी बहीण मल्लव्वा ते पिऊनच पंधरा दिवस अंथरुणाला खिळली होती. त्याला बसवत नव्हतं की उभं राहवत नव्हतं.

"'अध्यक्षमहाराज' काय, 'पंचमहाभूतांत जलाचे माहात्म्य' काय!" तिप्पण्णा खो खो हसला. "साहेब घोरायला लागतील की!"

"मग तूच बोल!" सिद्धप्पाने कागद भिरकावला.

रुद्राणीने तो उचलला. "तिप्प्या, गप! सिद्धू, आवाज तुझा लई खणखणीत हाय. पण आपण सूत भिजवलं, ते कुटं हाय ह्यात?"

"ते घरचं काम. भाषणात कुणी सांगतं व्हय?"

"अरे, तेच सांगायचं! आणि सुरुवातीलाच! आपल्या बोलीत."

सिद्धप्पा तिच्यावर जाम चिडला. पण पुन्हा बोलला. दुसऱ्यांदा अडखळला. तिसऱ्यांदा मात्र तिप्पण्णा हसायचंच विसरला.

विहिरीवर रंगशाळेचे, म्हणजे सूत रंगवायच्या कारखान्याचे, मालक महिपतशेठ साहेबांना पेला दाखवत होते. "बघा, कसं नितळ आहे!"

"थांबा, साहेब!" सिद्धप्पा पुढे झाला. "आमी विणकरांची पोरं. ह्या पाण्यात सुताची पांढरी लड रातभर भिजवली. ही बघा!"

लड फिकट गुलाबी झाली होती!

"दुसरी शाळेच्या नळाच्या पाण्यात ठेवली. ती पांढरीच ऱ्हायली. डोळ्याला दिसत न्हाय तो रंग सूत ओढून घेतं. माझी बहीण हेच पाणी पिऊन आजारी हाय, साहेब."

"पोरांचं काय ऐकता!" महिपतशेठ म्हणाले.

पण साहेब तडक रंगशाळेमागे गेले. गटार फुटलं होतं, आणि तांबडं पाणी विहिरीच्या दिशेने मुरत होतं!

"दुरुस्ती... राहूनच गेली," महिपतशेठ पुटपुटले.

विहीर त्याच दुपारी बंद झाली. साहेबांनी सिद्धप्पाची पाठ थोपटली. "शाब्बास! किती नेमकं बोललास!"

"हिच्यामुळं," सिद्धप्पाने रुद्राणीकडे बोट केलं. "माझं पहिलं भाषण हिनं ऐकलं, साहेब. ते तुमी ऐकलं असतं, तर सही करून मोकळं झाला असता!"