गाडीतली दुसरी चावी

संध्याकाळी ऊन उतरल्यावर मित्सुए नवऱ्याला आणायला निघाली. तेइझो वसंतात गेला होता आणि हे त्याचं पहिलं बोन, पितरांचा सण. ऑगस्टच्या मध्याला पितर घरी येतात, त्यातही जो याच वर्षी गेला त्याचं सगळं रीतीप्रमाणे व्हावं लागतं. नीट आणायचं, नीट पोचवायचं. मध्येच काही चुकलं तर बिचारा ना इथला ना तिथला, ही एकच धास्ती तिच्या मनात होती.

थडग्यांची टेकडी गावाच्या वर. पूर्वी लोक कंदील घेऊन पायी जायचे. आता सगळे पितरांना गाडीतूनच आणतात. तो चढ जिवंतांना झेपत नाही, मेलेल्यांनी तरी का चढावा-उतरावा! मित्सुएने उदबत्ती लावली, कंदील पेटवला, गाडीचं मागचं दार उघडलं आणि वाकून म्हणाली, "चला, बसा. घरी जाऊ."

घरी पोचली तर दारात शेजारीण कलिंगड घेऊन उभी. तिच्याशी बोलत, कलिंगड सावरत, कंदील सांभाळत मित्सुए आत गेली. देव्हाऱ्यासमोर काकडीचा घोडा आणि वांग्याची गाय मांडून ठेवली होती. पितरांनी यावं घोड्यावरून भरधाव आणि जावं गाईवरून रमतगमत. तिने भात वाढला, चहा ठेवला आणि मग गाडीला कुलूप घालायला बाहेर आली.

रिमोटचं बटण दाबलं. गाडीने एक लांब 'पीं' केलं. कुलूप काही लागलं नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गॅरेजवाल्या कुराताला बोलावून घेतलं. झाडांवर सिकाडा किड्यांनी किरकिरीचा नुसता कहर मांडला होता. कुराताने चावी उघडून आतला बटणाएवढा सेल बदलला. पीं.

"मित्सुए-सान, चावी फोनजवळ ठेवता का हो? त्या दोघांचं सासू-सुनेसारखं असतं, एका पिशवीत नांदत नाहीत."

"फोन आत चार्जिंगला लावलाय."

मग त्याने आपलं यंत्र गाडीला जोडलं आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.

"सेल ठीक, चावी ठीक, गाडीही ठीक. गाडी म्हणतेय की एक चावी बाहेर आहे, तुमच्या हातात. आणि दुसरी आत. आत चावी असली की ती कुलूप लावू देत नाही. मालक बाहेर अडकू नये म्हणून. तेइझो-सानांची चावी कुठेय?"

डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद केल्यावरही तेइझो ती चावी खिशात घेऊन फिरायचा, अगदी इस्पितळातसुद्धा. गाडी दोघांच्याही चाव्या ओळखायची. त्याच्या चावीने दार उघडलं की ड्रायव्हरची सीट सरकत मागे जायची, तिच्या चावीने पुढे यायची. तो ताडमाड, ही ठेंगणी.

"त्यांच्याबरोबर दिली," ती हळूच म्हणाली. "शवपेटीत. बाहीत लपवून."

"अहो, दहनभट्टीत धातू चालत नाही ना!"

"माहीत आहे. म्हणून तर लपवून. नंतर अस्थी वेचताना मी बघत होते... पण तिचा मागमूससुद्धा नव्हता."

कुराताने सीटखाली हात घातला, पायपुसणी झटकली, डिकी उपसली. काहीच मिळालं नाही.

"वास कसला हो हा? कंबरदुखीवर चिकटवायच्या प्लास्टरचा. तुमची कंबर दुखते?"

"माझी नाही," मित्सुए म्हणाली, आणि तिला एकदम आठवलं. काल घरी आल्यावर तिने मागचं दार उघडलंच नव्हतं. कलिंगड आत नेलं, कंदील आत नेला, आणि नवरा रात्रभर गाडीत!

ती धावत गेली. मागचं दार उघडून कंबरेत वाकली. "उतरा... चुकलं माझं. चहा गार झाला असेल, नवा करते."

दार लावून तिने बटण दाबलं. पीप-पीप. सगळी कुलपं खटाखट लागली. कुराता यंत्राकडे बघत राहिला, तिथे आता आत एकही चावी नव्हती. एरवी तो दोन कप चहा प्यायल्याशिवाय हलायचा नाही, त्या दिवशी पैसेही न घेता निघाला.

सोळा तारखेला, पितरांना पोचवायच्या दिवशी, दिवेलागणीला मित्सुएने सगळं जपून केलं. अंगणात मागचं दार उघडलं, "बसा" म्हणाली, सावकाश चढ चढली. वर पोचून मागचं दार उघडलं.

"उतरा. पुढच्या वर्षी येईनच न्यायला."

बरंच थांबून तिने दार लावलं आणि बटण दाबलं.

पीं.

तिने दुसऱ्या बाजूचं दार उघडलं. हात जोडले. पीं. बाकीची कुटुंबं एकेक करून खाली निघून गेली होती, थडग्यांपुढच्या मेणबत्त्या विझत आल्या होत्या. काय राहिलं? कुठे चुकलं?

"अहो, असं काय करता... तुम्हाला इथेच उतरायचंय ना?"

तिने पुढचं दार उघडून बघितलं. ड्रायव्हरची सीट गुरगुरत, सावकाश मागे सरकत गेली. पार मागे. आरशानेही मान वर केली. तिची स्वतःची चावी तिच्या मुठीतच होती.

आतून प्लास्टरचा वास आला. तिला भीती वाटायला हवी होती, पण वाटलं एवढंच की मागे बसणं यांना जन्मात कधी आवडलं नाही. आता त्या सीटवर बसून तिचे पाय ब्रेकपर्यंत पोचणार नव्हते.

स्टिअरिंगमागचे दिवे आपोआप लागले. टिंग... टिंग... टिंग... ड्रायव्हरच्या बेल्टची खूण लाल चमकू लागली.

रिकाम्या सीटकडे बघत मित्सुए क्षणभर उभी राहिली. मग गाडीला वळसा घालून, तीस वर्षं बसत आली त्या डाव्या सीटवर जाऊन बसली. दार ओढून घेतलं. बेल्ट लावला. आणि तीस वर्षं म्हणत आली तेच, तसंच करवादून म्हणाली,

"बेल्ट लावा आधी."

टिंग... टिंग...

अंधारात खट् झालं, आणि तो आवाज थांबला.