बस ना मागं

सानगडीच्या रस्त्यावर एकट्या पोरीला पायी चालता येत नाही. म्हणजे पाय आहेत, रस्ताही आहे, पण माणसं चालू देत नाहीत. कुणी पायी दिसलं की गाडी थांबवायची आणि ‘बस’ म्हणायचं, ही तिकडची रीत. नाही म्हटलं तर समोरच्याला राग येतो, तो वेगळाच.

रक्षाला त्या सकाळी हीच रीत नडली. धुकं इतकं दाट होतं की धानाच्या बांधीत पेरलेल्या लाखोरी डाळीची निळी फुलं अगदी जवळ गेल्यावरच दिसत. ओढणी कमरेला गुंडाळून ती झपाझप निघाली, तोच सुखरामकाकांचा ट्रॅक्टर थांबला. मग दूधवाला थांबला. दोघांना ‘नाही जी, नाही जी’ करता करता तिचा अर्धा दम तिथेच गेला. आणि मग मागून एक मोटारसायकल आली, मागे माशांचे ओले क्रेट बांधलेली.

“बस ना मागं,” गाडीवरचा पोरगा म्हणाला.

“नाही बसायचं.”

“घरून भांडून आली का?”

“नाही.”

“मंग घरचे लगन ठरवून राहिले असतीन. पळून जाऊन राहिली ना?”

रक्षा थबकली. “पळून जायचं असतं तं चालत कायले गेली असती?”

त्याने जरा विचार केला. “हे बी खरं आहे.”

उंच, शिडशिडीत, पापण्यांवर दवाचे थेंब… रक्षाने चटकन नजर रस्त्यावर आणली. ढिवरटोलीतला, मासे धरणाऱ्यांच्या वस्तीतला तो. खरं नाव मनिराम, पण आजोबाही मनिरामच, म्हणून हा सहा फुटी गडी सगळ्या गावाचा छोटू.

“वनरक्षकाची भरती आहे,” ती चालता चालताच म्हणाली. “लेखी झाली, उंची झाली, धावणं झालं. आता चालणं राहिलं. चार तासांत सोळा किलोमीटर.”

“चालायची परीक्षा?” तो गाडी तिच्या पावलांच्या वेगाने हाकत राहिला. “तसं असतं तं आमची आजी कलेक्टर झाली असती.”

तिला हसू आलं, पण तिने ते गिळलं.

“नाव काय तुझं?”

“रक्षा.”

“नावातच नोकरी आहे की. मंग एवढी भिऊन काहून राहिली?”

भिते, हे याला कसं कळलं? तिने खाली पाहिलं. ओढणीच्या टोकाची तिने पिळून पिळून दोरी केली होती.

भीती होतीच. मागच्या भरतीत ती चालण्यातच बाद झाली होती, शेवटचं वळण दिसत असताना. आणि आई, रंभाबाई, तिने यंदा सांगूनच टाकलं होतं, “या वेळी झालं तं झालं. नाहीतं उन्हाळ्यात लगन. लगन झालं की एवढं चालाव लागत नाही.” रक्षाला रात्री झोपेतसुद्धा ते वळण दिसायचं… आणि जवळ येतच नसायचं.

दुसऱ्या दिवशी नवल झालं. सुखरामकाकांचा ट्रॅक्टर आला, थांबला नाही. काका नुसते ओरडले, “चाल पोरी, चाल. बसू नोको कोणाच्या गाडीवर.” दूधवाल्यानेही हात हलवला. छोटूने अख्ख्या गावाला दम भरला होता, रक्षाला कुणी बसवायचं नाही.

आणि तो स्वतः? तो रोज यायचा. गाडी हळू करायचा आणि मान जराशी तिरकी करून विचारायचा.

“बस?”

“नाही.”

“पाहून घे. सीट पुसून आणली आहे.”

“माशाचा वास येते.”

“वास नाही, अत्तर आहे आमचं. अजून लावलं नाही तू.”

रोज तेच. पण त्या एका ‘बस?’साठी रक्षा घराबाहेर पडल्यापासूनच कान देऊन असायची. उतारावर गाडीचा आवाज आला की छातीत काहीतरी धडधडायचं, आणि ते चालण्यामुळे नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मग एक दिवस तो रस्त्याने आलाच नाही. आला तो जंगलाच्या पायवाटेने, गाडी ढकलत. क्रेट भरलेले, खांद्यावर ओलं जाळं. तिला पाहून जरासा दचकलाच.

“कोणत्या तलावातले?” तिने विचारलं.

त्याने जाळं दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

“झरीचा तलाव ना? अभयारण्यातला?”

“आजोबापासून टाकत आलो जाळं,” तो म्हणाला. “तेव्हा कोठी होतं अभयारण्य? अना मासोळीले काय माहीत, हद्द कोठून लागते ते?” मग नेहमीसारखं हसायचा प्रयत्न केला. “तू साहेब झाली की पहिली पावती मलेच फाडशील, नाही का?”

रक्षाला हसून सोडून देता आलं असतं. त्याचे डोळे तेच मागत होते.

“फाडीन,” ती म्हणाली.

“मंग?”

“मंग काय… रडीन. पण फाडीन.”

त्याने क्रेटची दोरी आवळली. गाडीला किक मारली आणि निघून गेला. त्या दिवशी त्याने ‘बस’ विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. त्यानंतरही नाही. रक्षा चालत राहिली. रस्ता मोकळा, सगळे ‘चाल, चाल’ म्हणणारे, आणि तिला वाटायचं, एवढी खरं बोलायची काय गरज होती? अजून वर्दी अंगावर नाही, नोकरीचा पत्ता नाही आणि चालली पावती फाडायला. नोकरीही हातची गेली तर? मग ना हे, ना ते…

चाचणी जवाहरनगरकडच्या रस्त्यावर होती. छातीवर नंबर लावून पोरी निघाल्या. कुणाच्याही वाहनाला हात लावला तरी बाद, असं वनखात्याच्या साहेबांनी बजावून सांगितलं होतं. अर्ध्या रस्त्यात रक्षाच्या टाचेला फोड आला. तो फुटला तेव्हा प्रत्येक पाऊल विस्तवावर पडल्यासारखं झालं. तिथल्या कारखान्याची बस धूळ उडवत गेली. एक ऑटो हळू झाला आणि आतली म्हातारी कळवळून म्हणाली, “काहून लंगडते माय? ये, बस. जागा आहे.”

“नाही जी आजी,” रक्षा म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. त्या म्हातारीला काय माहीत, तो एक शब्द रोज कोण विचारायचं ते.

आणि तेवढ्यात मागून तो आवाज आला. हजार गाड्यांत ओळखला असता तिने. आता तो म्हणेल. मान तिरकी करून म्हणेल, ‘बस?’ आणि आज, या टाचेने, या मनाने… ती बसून जाईल. सगळं संपेल आणि तिला वाईटसुद्धा वाटणार नाही, याचीच तिला भीती वाटली.

गाडी जवळ आली. हळू झाली. आणि तशीच पुढे निघून गेली. त्याने मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

रक्षाला इतका राग आला, इतका राग आला की टाच विसरली. तोंड पुसलं आणि त्या धुळीमागे चालू लागली. शेवटचं वळण आलं. या वेळी ते जवळ येत होतं. साहेबांनी घड्याळ पाहिलं, नंबर लिहिला आणि मान डोलावली. वेळेत.

कडुनिंबाखाली गाडी स्टँडवर लावून तो उभा होता. ती लंगडत त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“पाहिलं काहून नाही मले?”

“पाहिलं असतं तं तोंडातून ‘बस’ निघून गेलं असतं,” छोटू म्हणाला. “सवय आहे ना.”

तिची नजर गाडीकडे गेली. त्याच्यामागच्या क्रेटमध्ये जाळं होतं. कोरडं, नीट घडी घातलेलं.

“झरीच्या तलावातून काढून आणलं,” तो जमिनीकडे पाहत म्हणाला. “आता मच्छीमार सोसायटीच्या तलावातच टाकीन. बाबा लय बोलले. बोलू दे.”

“तिकडं मासे कमी भेटतीन.”

“हो.”

“मंग?”

“मंग काय… कमी खाईन.” त्याने आता कुठे वर पाहिलं. “पण तुले रडू देणार नाही.”

कडुनिंबाची पिवळी पानं भिरभिरत खाली येत होती. रक्षाने ओढणीचं टोक हातात घेतलं, पिळायला लागली आणि मग सोडून दिलं.

“आता म्हण,” ती म्हणाली.

“काय?”

“रोज म्हणत होता ते.”

त्याने सीट बाहीने पुसली. दोनदा पुसली. “…बस?”

ती बसली.

निकालाची यादी अजून लागायची होती. आईला छोटूबद्दल सांगायचं होतं, आणि ते चालण्याहून अवघड होतं. पण साकोली मागे पडली, लाखोरीची निळाई दोन्ही बाजूंनी धावू लागली आणि तिचा हात आपोआप त्याच्या खांद्यावर गेला… आणि राहिला.

गावच्या वेशीवर सुखरामकाकांचा ट्रॅक्टर आडवा आला. काका उठून उभेच राहिले.

“ए पोरी, उतर खाली. तुले बसवायचं नाही म्हणून यानंच गावाले सांगतलं, अना आता हाच बसवून आणून राहिला?”

“काका, झाली माझी चाचणी,” रक्षा म्हणाली. हात खांद्यावरून काढला नाही.

काकांनी तो हात पाहिला. मग छोटूचे लाल झालेले कान पाहिले. आणि ट्रॅक्टर बाजूला घेत म्हणाले,

“तुही चाचणी झाली बाई. याची आता सुरू झाली. रंभाबाई आंगणातच बसली आहे.”