पानाची ऊब

आमच्या मखमलाबादच्या द्राक्षबागेत हवामानाचं यंत्र बसलं, त्या वर्षी छाटणी वेळेवर झाली होती आणि थंडीही वेळेवर आली होती. लोखंडी खांबावर एक पांढरी डबी आणि वेलींमध्ये खोचलेली, द्राक्षाच्या पानाएवढी एक पट्टी. पानावर दव आहे का, आणि पान किती गार, किती गरम, ते ही पट्टी सांगायची. पान फार वेळ ओलं राहिलं तर डावणी रोग येतो, म्हणून हा खटाटोप. गावातले लोक तिला पानपट्टी म्हणायचे आणि मला बघून ओरडायचे, "सावळीरामदादा, एक मसाला लावा."

माझी सून दीपमाला कॉम्प्युटर शिकलेली. गावातल्या बागाईतदारांसाठी तिनंच वेबसाईट तयार केली होती. यंत्रातले आकडे फोनवरून आधी एका फाइलीत यायचे आणि तिथून वेबसाईटवर दिसायचे. त्या फाइलीला ती एक्सएमएल म्हणायची. मी ती उघडून दाखवायला सांगितली. अक्षरं मी उतारवयात शिकलो, त्यामुळे बोट ठेवून वाचायची सवय. प्रत्येक वावराच्या नावाची खूण उघडलेली, आत आकडे, आणि शेवटी त्याच नावाची खूण बंद केलेली.

"एक जरी खूण बंद करायची राहिली ना दादा, तर वेबसाईट काहीच दाखवत नाही," ती म्हणाली. "अर्धवट ठेवलेलं तिला चालत नाही."

आमच्या वावराच्या खुणेचं नाव होतं चंद्रभागा. गावातही त्याला चंद्रभागाचं वावरच म्हणतात. तिथली पहिली बाग माझ्या बायकोनं लावली.

बारा वर्षांपूर्वी, अशाच थंडीत, चंद्रभागा पहाटे दव बघायला बागेत गेली आणि परत आली नाही. विहीर उपसली. गोदाकाठ पालथा घातला. काही सापडलं नाही. त्यानंतर मी साक्षरतेच्या वर्गात जाऊन बसलो. पेपरात बेवारस प्रेतांची वर्णनं येतात. ती दुसऱ्याकडून वाचून घेणं मला जमेना.

दव बघायची तिची एक रीत होती. पान न तोडता मुठीत धरायची आणि डोळे मिटून उभी राहायची. मूठ सोडली की पान कोरडं आणि ऊबदार असायचं. मग सांगायची, आज वेलींवर मोरचूद फवारायचं की नाही.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी दीपमालानं मला पडद्यापाशी बोलावलं. "दादा, हे बघा. हवा अकरा अंश. पान छत्तीस."

"ऊन पडलं असेल."

"तेव्हा उजाडलंही नव्हतं."

दुसऱ्या दिवशी तेच. पहाटे थोडा वेळ छत्तीस, मग पुन्हा हवेइतकं गार. कंपनीचा माणूस येऊन पट्टी बदलून गेला. नव्या पट्टीनंही तेच सांगितलं.

मग एका पहाटे मी स्वतः जाऊन उभा राहिलो. धुकं होतं. पानापानावरून थेंब गळत होते. बागेत मी सोडून कोणी नव्हतं. माझ्या डोळ्यांदेखत पट्टीवरचं दव पुसलं गेलं. कडेकडेनं नाही, वाऱ्यानंही नाही. एकदम.

घरी आलो तेव्हा दीपमाला पडद्यापाशीच होती. तिनं छत्तीसवर बोट ठेवलं. दव पुसल्याचं मी तिला सांगितलं नाही.

महेशनं, माझ्या मुलानं, तोवर पंचवटीतल्या गुरुजींशी बोलून दिवस ठरवला होता. हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची, नाहीच आलं तर पळसाच्या पानांचा पुतळा करायचा आणि माणूस समजून त्याला अग्नी द्यायचा, अशी आमच्यात रीत आहे.

"जरा थांबू," मी म्हणालो.

"कशासाठी? यंत्र सांगतंय म्हणून? शेजारच्या चिमाजीकाकांच्या यंत्रानं परवा मळ्यात बर्फ पाडला होता." तो हसला नाही. "दादा, आई जित्यात नाय, मेल्यात नाय. पितरांत तिच्या नावाचा घास काढता येत नाय मला. मोकळी करा तिला आता."

त्याचं चुकत नव्हतं. बारा वर्षांत तो एकदाही असं बोलला नव्हता.

नदीकाठी दर्भावर पळसाची पानं मांडून गुरुजींनी माणूस केला. डोक्याच्या जागी नारळ. छातीवरची पानं मला ठेवायला सांगितली.

"एक विचारतो," गुरुजी म्हणाले. "जिवंत माणसाचा पुतळा जाळू नये. गेल्याची खात्री आहे ना?"

महेश माझ्याकडे बघत होता. माझ्या मुठीत पळसाचं शेवटचं पान होतं. धरून धरून ते ऊबदार झालं होतं.

"आहे," मी म्हणालो आणि ते पान ठेवलं.

महेशनं अग्नी दिला. वाळलेली पानं, वेळ लागला नाही. राख गार झाल्यावर ती नदीत सोडून, अंघोळ करून आम्ही घरी आलो. महेश येताच आडवा झाला. खूप दिवसांनी त्याला गाढ झोप लागली.

दीपमाला कॉम्प्युटरपुढे बसली होती.

"वेबसाईट बंद पडली, दादा. आपल्या वावराची खूण बंदच झालेली नाही."

तिनं फाइल उघडली. मी बोट ठेवून वाचू लागलो. चंद्रभागा. छत्तीस. छत्तीस. अठ्ठावन्न. एक्क्याण्णव. एकशे चाळीस.

"ही पट्टी किती मोजते?"

"साठपर्यंत."

मी बागेत गेलो. पट्टी जागेवर होती. बोट लावलं. गार होती. परत आलो.

"यंत्र काढलं का?" तिनं विचारलं.

"नाही."

तिनं फाइल पुन्हा उघडली. खाली दोनशे दहा आलं होतं. त्याच्या शेजारी, जिथं पान ओलं की कोरडं ते येतं, तिथं ओलं असं होतं.

"दादा, ती खूण मी हातानं बंद करू शकते," दीपमाला हळूच म्हणाली. "मग पुढचं काही यायचं नाही. करू का?"

आतल्या खोलीत महेश झोपला होता. मी त्याच्या खोलीचं दार ओढून घेतलं.

तिनं पुन्हा फाइल उघडली. खाली आणखी एक आकडा होता.