निळा कॅन

बस. चहा घे. सांगतो, पण मधेच ‘भास झाला असेल’ म्हणायचं नाही. आमच्या घरातल्या मोठ्यांचं ते आवडतं वाक्य आहे.

ऑक्टोबरातला शनिवार होता. उन्हाळ्यातले पाहुणे निघून गेले की आमच्या बिजाया गावाहून जिजेलला जाणारा समुद्रकाठचा रस्ता मोकळा होतो. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला निळंशार पाणी, मधे बोगदे. बाबा म्हणाले, “ट्युनिसला जायचंय ना? जा. पण चोरासारखा नको. दिवसभर काठाकाठाने फिरू, मासे खाऊ, पाचच्या बसला जिजेलात मी स्वतः बसवून देतो.”

मी डॉक्टरकी दुसऱ्या वर्षी सोडली, तेव्हापासून हा माणूस माझ्याशी नुसते सुस्कारे टाकून बोलत होता. सीमेपलीकडे ट्युनिसला एका छापखान्यात मला काम मिळालं होतं. सोमवारी हजर झालो नाही तर ते दुसऱ्याला. ती बस म्हणजे त्या घरातून बाहेर पडायची एकुलती एक फट होती.

निघताना वारदियाआत्या लोटी घेऊन आली. जाणाऱ्याच्या गाडीमागे पाणी ओततात आमच्यात, माणूस परत यावा म्हणून.

“आत्या, नको. मला परत यायचं नाहीये.”

“गप रे यूबा. तुझं ऐकून कुणाचं भलं झालंय!”

नळाला चार दिवस पाणी नव्हतं. जिन्याखालच्या कॅनमधून तिने लोटी भरली होती. पाणी चाकांवर पडलं, थोडं मागच्या काचेवर उडालं.

दुपारी वाळूत बसून भाजलेले तारली मासे आणि रोटी खाल्ली. बाबा चक्क थट्टा करत होते. “छापखान्यात काय छापणार? स्वतःच्या लग्नाची पत्रिका?” मी हसलो. मग ते समुद्राकडे बघत म्हणाले, “तुझ्या आजोबांचा फार जीव या रस्त्यावर.”

“म्हणून कोंडून ठेवलंत?”

ते उठून गाडीकडे गेले.

आजोबांना शेवटी शेवटी काही आठवायचं नाही. जिजेल तेवढं आठवायचं. दिसेल त्याला म्हणायचे, मला जिजेलला ने. दोनदा हमरस्त्यावर सापडले, तेव्हा बाबांनी खोलीला बाहेरून कुलूप घातलं. आतून नखाने दारावर टक, टक, टक चालायचं. दोन वर्षं. त्याच खोलीत ते गेले, त्याला तेव्हा चाळीस दिवस झाले होते.

तीनच्या सुमाराला कड्याचा रस्ता सुरू झाला. दुसऱ्या बोगद्याबाहेर लाल छत्रीखाली एक म्हातारा निवडुंगाची बोंडं सोलत होता. शेजारी कठड्यावर एका कानाचं माकड. दोन बोंडं खाल्ली, पुढे निघालो. पुढचा बोगदा आला, संपला.

लाल छत्री. एका कानाचं माकड.

“बाबा, हा तोच...”

“तुला सगळी माणसं सारखीच दिसतात. नीट बघतोस कधी कुणाकडे?”

पुन्हा बोगदा. बाहेर पडलो, तर लाल छत्री. या खेपेला बाबांनीही वळून बघितलं. गाडीत वास भरला होता, ओल्या कापराचा. काचा खाली होईनात. मी दाराची कडी ओढली. दार हललं नाही.

“उघडा ना...”

“मी लावलेलंच नाही रे...”

चौथ्यांदा बाहेर आलो तेव्हा म्हातारा उठून आडवाच आला. हातात तीन सोललेली बोंडं. काचेतून त्याने मला बघितलं, बाबांना बघितलं, मग मागची सीट बघितली. हात खाली घेतला आणि बाजूला झाला. मी मागे वळलो नाही. वळायची गरजच नव्हती. मागच्या काचेवर नख वाजत होतं. टक, टक, टक...

घड्याळात साडेचार. जिजेल तिथून वीस-पंचवीस मिनिटांवर. अजूनही बस मिळेल, मी मनात हिशेब करत होतो. आणि बाबा, जन्मात कुणाचं न ऐकलेला माणूस, माझ्याकडे बघत म्हणाले, “यूबा... काय करू?”

“वळवा. घरी चला.”

गाडी वळवली आणि रस्ता सरळ झाला. घर येईपर्यंत एकही लाल छत्री दिसली नाही. काचाही खाली झाल्या. पाच कधीच वाजून गेले होते.

आत्या दारातच हसली. “बघ! पाण्याचा गुण!”

बाबांनी विचारलं, “कुठलं पाणी ओतलंस?”

“जिन्याखालच्या निळ्या कॅनमधलं. का?”

बाबा पायरीवरच बसले. “आपल्या बाबांना शेवटची आंघोळ घातली ना, त्यातलं उरलेलं कापराचं पाणी ते. त्याच दिवशी ओतून टाकायला सांगितलं होतं...”

“मला नाही कुणी सांगितलं,” आत्या म्हणाली.

“तुला नाही. याला.”

खरं होतं. मला सांगितलं होतं. नंतर करतो म्हणालो आणि विसरलो. आता विषय निघालाच आहे तर हेही ऐक. बापाला मी आयुष्यभर कोंडणारा म्हटलं. पण बाबा दिवसभर दुकानात असायचे. कॉलेज सोडून घरी मी बसलो होतो. त्या खोलीची चावी माझ्या खिशात असायची. दारावर टकटक झाली की मी गाण्याचा आवाज वाढवायचो.

छापखान्यातलं काम गेलं. त्यानंतर दोनदा तिकीट काढलं. आत्याला शपथ घातली, थेंबभर पाणी ओतलं नाही. पण निघायच्या दिवशी पहाटे माझ्या खोलीचं दार उघडत नाही. बाहेरून कुलूप असतं, आजोबांच्या खोलीचं. मी ओरडतो, कुणाला ऐकू जात नाही. बस सुटायची वेळ टळली की कुलूप आपोआप निघालेलं असतं.

आणि त्याची चावी सगळा वेळ माझ्याच खिशात असते. हात लावून बघ. आत्ताही ओली आहे.