चार-दहाचा पेशंट

“पापलेटला पण आमी एवढा बर्फ घालत न्हाय, जेवढा हे लोक माणसाला घालतात. बंद करा रे तो एसी कोणीतरी!”

माझ्या डाव्या कानाशी कोणीतरी कुरकुरलं. वळून बघितलं, तर शेजारच्या खुर्चीत मफलर गुंडाळून बसलेला एक वाळका माणूस. टोनी. उत्तनचा. चाळीस वर्षं बोटीवर काढलेला गडी एसीला घाबरत होता.

आमची ओळख ही अशी झाली.

पुढचं ऐकून माझ्या सख्ख्या बहिणीने “तू आधी नीट झोप” म्हणून फोन ठेवला. तुम्हीही विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. पण मी तिथे होते. काशीमीऱ्याच्या पुढे हायवेला लागून एक हॉस्पिटल, त्याचं तळघर, गेल्या वर्षीचा नोव्हेंबर. आणि रात्र-बित्र काही नव्हती. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

ह्यांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, लीलाधरच्या उजव्या फुप्फुसात गाठ निघाली. तीस दिवस शेक घ्यायचा होता. रेडिएशनला आमच्याकडे शेकच म्हणतात. जणू गुडघा दुखतोय. कॅन्सर हा शब्द मी उंबऱ्याच्या आत येऊ दिला नव्हता. “गाठ आहे, विरघळेल,” एवढंच ह्यांना सांगितलं होतं.

टोनीला तर तेवढंही माहीत नव्हतं. “न्यूमोनियाचा जुना डाग आहे,” असं त्याच्या बायकोने, ऑड्रेने, सांगून ठेवलेलं. पहिल्याच दिवशी तिने माझा हात घट्ट धरला.

“वहिनी, त्याच्यासमोर तो शब्द नको हां. प्लीज.”

तळघरात सगळ्यांचाच हा न बोललेला करार होता. एखादी खुर्ची रिकामी झाली, तरी विचारायचं नाही. विचारलंच, तर उत्तर ठरलेलं…

“त्यांचा कोर्स संपला.”

टोनीची वेळ चार-दहा. ह्यांची चार-तीस. ह्यांचं बालपण भाईंदरच्या कोळीवाड्यात गेलेलं, त्यामुळे दोघांची गट्टी जमली. टोनीशी बोलताना ह्यांच्या तोंडात जुनी बोली परत यायची. टोनी शेक घेऊन बाहेर आला की आकडा ओरडायचा.

“लीलू, आज सतरा!”

एक दिवस चुकवायचा नाही. तीस पुरे केले की बोटीवर जाणार होता.

आता मशीनचं सांगते. माझी दहावी गणितात अडकली ती अडकलीच. पण मशीन चालवणाऱ्या मुलीला, समिधाला, विचारून विचारून मी बरंच शिकले. हे किरण इतके जोरदार असतात, की वरच्या कातडीला फारसं काही करत नाहीत. त्यांचा खरा जोर आत, दीड सेंटीमीटरवर लागतो. माझ्या सासूबाईंचं बोलणं असंच होतं.

“मशीन बंद केल्यावर आत काही उरतं का गं?” मी एकदा विचारलं होतं.

“काकू, बल्ब विझवल्यावर खोलीत उजेड उरतो का?” ती हसली होती.

श्वासाबरोबर फुप्फुस हलतं, म्हणून गाठही हलते. त्यासाठी पेशंटच्या पोटावर एक छोटी डबी ठेवतात. ती वर-खाली होते तशी बाहेर स्क्रीनवर श्वासाची लाट उमटते. पेशंटने श्वास भरून रोखला, लाट वर जाऊन सपाट झाली, तरच किरण सुटतात. श्वास सुटला की मशीन आपोआप थांबतं.

ह्यांना ती वेळच जमेना. मी माईकवर “अहो, रोखा” म्हटलं की मात्र जमायचं. सव्वीस वर्षांची सवय! म्हणून समिधा मला थोडं आधीच बाहेर स्क्रीनपाशी बसवायची.

तिथेच मी टोनीची लाट पाहिली होती. चढताना मध्येच अडकायची. एक पायरी… मग वर.

“प्रत्येकाची लाट वेगळी असते काकू. सहीसारखी,” समिधा म्हणाली होती.

एकोणीस झाले, आणि टोनीची खुर्ची रिकामी झाली.

समिधा स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली, “त्यांचा कोर्स संपला.” टोनी रविवारी गेला होता, घरीच.

मी बाहेर येऊन ह्यांना तेच सांगितलं.

“तीस झाले त्याचे?”

“झाले की.”

ह्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं.

टोनीची वेळ मोकळी झाली म्हणून समिधाने बुधवारपासून ह्यांना चार-दहाला घेतलं. तिने काय, मीच मागे लागले होते. वीस मिनिटं आधी घरी जाता येईल म्हणून.

तिने ह्यांना टेबलावर झोपवलं. आत दुसरं कोणी राहिलं नाही ना, ते बघून भिंतीवरचं बटण दाबलं. ते दाबल्याशिवाय मशीन चालतच नाही. मग ते जाडजूड दार बंद झालं.

“अहो, श्वास घ्या. रोखा.”

ह्यांनी रोखला. कॅमेऱ्यात डबी एकदम स्थिर.

पण लाट… हलत होती.

चढली. मध्येच अडकली.

एक पायरी… मग वर.

समिधाने माझ्याकडे बघितलं नाही. मीही तिच्याकडे नाही.

“सोडा,” मी कशीबशी म्हणाले. ह्यांनी श्वास सोडला आणि खोकायला लागले. पोटावरची डबी धडधड उडत होती.

आणि स्क्रीनवरची लाट वर जाऊन… सपाट झाली.

घर्रर्र…

दारावरचा लाल दिवा लागला. आत हे खोकत होते आणि मशीन चालू होतं!

समिधाने मशीन बंद करायच्या बटणावर हात आपटला. मशीन थांबलं. सात सेकंद झाले होते.

ते सात सेकंद गाठीला लागले, चांगल्या फुप्फुसाला लागले, की भलत्याच कोणाला… मला आजही माहीत नाही.

इंजिनियर आला. टेबलावर प्लास्टिकचा ठोकळा ठेवून त्याने सगळं मोजलं. “मशीन परफेक्ट आहे, मॅडम.” गुरुवारी ह्यांना परत चार-तीसला घेतलं.

चार-तीसलाही तेच. तीच पायरी.

डॉक्टर म्हणाले, मध्ये खंड पडला तर गाठ पुन्हा डोकं वर काढते. ह्यांचे अजून तेरा राहिले होते. मुंबईत नंबर लावला तर तीन आठवडे थांबा. तेवढे दिवस गाठ कुठे थांबणार होती?

शुक्रवारी शेवटचा प्रयत्न करायचं ठरलं.

दार बंद झालं. समिधाने आतला आवाज मोठा केला.

स्पीकरवर श्वास ऐकू आला. ह्यांचा. ओळखीचा.

आणि त्याच्या मागोमाग…

दुसरा.

कॅमेऱ्यात ह्यांच्याशिवाय कोणी नव्हतं. समिधाचे ओठ हलत होते, देवाचं काहीतरी चाललं असावं. मला “रोखा” म्हणायचं होतं. मी माईकच्या बटणाकडे हात नेला.

तेव्हा हेच बोलले. दोन्ही हात डोक्याच्या वर, नजर छताला, जरासुद्धा न हलता.

“समिधाताई, थांबा जरा. टोनी… हायेस ना?”

लाट अर्ध्यावर थांबली. पायरीवरच.

“एकोणीसवर राह्यलास ना रे? तुला वाटतंय, अकरा बाकी हायेत. म्हणून माझ्यातले घेतोयस.”

माझा हात माईकच्या बटणावर होता. अहो, गप्प राहा, असं ओरडायचं होतं. पण मी बटण दाबलं नाही.

“तुला कोणी सांगितलं न्हाय. मला पण न्हाय. माझी बायको खोटं बोलते तवा लय गोड बोलते, तिथंच मला कळलं. मग उत्तनला फोन लावला. ऐक. डाग-बिग न्हाय तो. कॅन्सर हाय. तुला पण होता, मला पण हाय.”

हे थांबले. स्पीकरवर आता एकही श्वास ऐकू येत नव्हता.

“आणि तू रविवारी मेलास, टोनी.”